लांडगीण व्याली असेल तेव्हा गाडी कुठून न्यायची?

डिसेंबर लागला की आमच्या शाळेच्या शिक्षक खोलीत दोनच विषय असतात: हुरडा कुठे आणि ताडोबा कधी. हुरड्याचं लगेच ठरतं, कारण कुणाचं ना कुणाचं शेत मोहोळकडे किंवा मंगळवेढ्याकडे असतंच. ताडोबाचं मात्र दिवाळीआधीच ठरवावं लागतं, उशीर केला तर हवं ते गेट मिळत नाही. मग नाताळच्या सुट्टीत पाचशेहून जास्त किलोमीटर गाडी हाकत चंद्रपूर गाठायचं, दोन मुक्काम, तीन सफाऱ्या, आणि परत येऊन पंधरा दिवस मोबाइलवरचे फोटो दाखवायचे. सोलापुरातल्या माझ्यासारख्या घरांत ही आता रीतच झाली आहे.

मीही दोनदा गेले आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. पहाटे उघड्या जिप्सीत बसल्यावर जी थंडी लागते ती आपल्याला इथे ठाऊक नसते. सोलापुरात आपण थंडीची वाट बघतो. तिथे गाडी सुटली की वारा कानाची पाळ कापत जातो, डोळ्यांतून पाणी येतं, हाताची बोटं कॅमेऱ्याच्या बटणावर वळत नाहीत. आम्ही घरून दोन चादरी नेल्या होत्या, पूर्व भागातल्या मागावरच्या, जाड विणीच्या, मोराची नक्षी असलेल्या. एका चादरीत आम्ही तिघीजणी मावलो. गेटवर शेजारच्या गाडीतल्या नागपूरच्या बाईंनी हात लावून बघितली आणि विचारलं, "कुठे मिळते हो ही?" मला फार बरं वाटलं. मग सूर्य वर आला, सागाच्या पानांवरचं दव टपटपायला लागलं, आणि रस्त्याच्या कडेला चितळांचा कळप ऊन अंगावर घेत उभा होता, नुसता उभा. ते दृश्य मी विसरणार नाही.

परतताना समोरून येणारी प्रत्येक गाडी थांबून एकच विचारत होती, "दिसला का?" कोण ते सांगावं लागत नाही. पहिल्या खेपेला दिसला नव्हता, तर गाडीतल्या मुलाने गेटबाहेर येताना तोंड पाडलं आणि त्याच्या वडिलांनी चालकाला चार शब्द ऐकवले. चितळं, गवे, रानकुत्री, मोरघार, सगळं बघून झालं होतं. दुसऱ्या खेपेला दिसला. तेव्हा आमच्या पुढेमागे दहा-बारा गाड्या होत्या, प्रत्येकजण उभा राहिलेला, आणि वाघाला रस्ता ओलांडायला गाड्यांमधली फट शोधावी लागली.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात याच्याही पुढचं घडलं. एक वाघीण आणि तिची पाच पिल्लं वाटेवर असताना दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्या आल्या आणि त्यांची वाट अडली. त्याचा व्हिडिओ पसरला, वनविभागाने मार्गदर्शक आणि चालकांवर कारवाई केली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांमधल्या माणसांना वाईट ठरवून मला मोकळं होता येत नाही. त्यांतल्या एखाद्या गाडीत मी असू शकले असते. लांबून यायचं, पहाटे कुडकुडायचं, इतके पैसे भरायचे, आणि मनात एकच जनावर धरून बसायचं. चालकाची बक्षिशी त्या जनावरावर ठरते. दोन तासांत ते दिसलं नाही तर सगळं वाया. अशी मांडणी केल्यावर गाडी पुढे दामटली जाणारच.

त्याच हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडली, ती आपल्याकडे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग अभयारण्यात पोचला आणि तिथून बार्शी तालुक्यात उतरला. आम्ही वाघासाठी पूर्वेकडे गेलो होतो आणि वाघ शेतं, रस्ते, ओढे ओलांडून पश्चिमेकडे आपल्या जिल्ह्यात आला होता. बार्शीकडच्या गावांत लोक अंधार पडायच्या आत जनावरं बांधत होते, त्यांची भीती खरी होती. पण मला त्यातून एक गोष्ट कळली. जंगली जनावर दूर कुठेतरी राखून ठेवलेल्या जागेत असतं आणि आपण पैसे भरून तिकडे जायचं असतं, ही समजूत चुकीची आहे. ते आपल्याही जिल्ह्यात आहे. आपण तिकडे बघत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: हिवाळ्यातली सफारी सोलापूरच्या माळावरही असावी. नान्नजला असावी, मार्डीकडे असावी, करमाळ्याकडे असावी. पण तिची घडण ताडोबाची नको. आणि ती सुरू करताना पहिला विचार पर्यटकाच्या सोयीचा न करता एका मादीच्या बाळंतपणाचा करावा, कारण हा हंगाम माळावरच्या लांडगिणींचा व्यायचा हंगाम आहे.

आधी हंगामाबद्दल. "सफारीला हिवाळा उत्तम" हे वाक्य आपण सगळीकडे वाचतो. ते मुळात आफ्रिकेच्या दक्षिण भागासाठी खरं आहे. तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट, आणि तो कोरडा. क्रूगरसारख्या ठिकाणी तेव्हा गवत वाळून खाली बसलेलं असतं, पाणवठे मोजके उरतात, जनावरं तिथे जमतात, म्हणून लोक कांबळी पांघरून पहाटेच्या गाडीत बसतात. आपला हिवाळा पावसाळ्याच्या पाठीवर येतो. ताडोबात डिसेंबरात झाडोरा अजून दाट असतो, पाणी जागोजागी असतं, वाघाला एका पाणवठ्यावर यायची गरज नसते. वाघ बघायचाच असेल तर एप्रिल-मेचा उन्हाळा खरा. नाताळात तिथे गर्दी होते ती सुट्टी असते म्हणून आणि हवा सोसवते म्हणून. माळाचं उलटं आहे. सोलापूरचा माळ बघायचा तर हिवाळ्यातच बघावा. उन्हाळ्यात इथे पारा बेचाळीसच्या वर असतो आणि दुपारी दगडसुद्धा सावली शोधेल अशी गत असते. हिवाळ्यात मात्र हा माळ भरतो, आणि तो भरतो कझाकस्तानपासून आलेल्या पाहुण्यांनी.

डिसेंबरातल्या एका पहाटेचं सांगते. बार्शी रस्त्याने नान्नज शहरापासून वीसेक किलोमीटर. द्राक्षाच्या बागा लागतात, 'सोनाका' द्राक्ष याच गावचं. बागा संपल्या की माळ. पारा दहा-बारावर, जमिनीला टेकून धुक्याचा पातळ पट्टा. कुसळी गवत कमरेपर्यंत, वाळून तांबूस-सोनेरी झालेलं. दहा पावलं चाललं की मोज्यात कुसळं घुसतात आणि घरी येऊन तासभर उपटत बसावं लागतं. सूर्य वर येईपर्यंत काही हलत नाही. मग पहिल्यांदा नाकतोडे हलतात. गारठ्याने ताठलेले असतात, ऊन लागलं की एकेक उडी मारायला लागतात. आणि ते उडायला लागले की गवताच्या टोकांवरून भोवत्या हा शिकारी पक्षी येतो. पंख उथळ इंग्रजी 'व्ही'सारखे वर धरून, जमिनीपासून हातभर उंचीवर, माळ चाळत जातो. नर राखी रंगाचा, पंखांची टोकं काळी. मादी तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग. हे पक्षी मध्य आशियातून सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात आणि मार्च-एप्रिलात परत जातात. इतक्या लांबून येऊन ते प्रामुख्याने काय खातात, तर आपल्या ज्वारीवर येणारे टोळ-नाकतोडे. मी हे वर्गात सांगते तेव्हा शेतकऱ्यांची मुलं मान वर करून बघतात.

सकाळी आठ-नऊच्या सुमारास पखुर्ड्यांचे थवे बोलत बोलत पाण्यावर जातात. ऊन तापलं की काळवीट मोकळ्यावर येतात. पूर्ण वाढलेला नर काळा कुळकुळीत, पोटाखाली पांढरा, शिंगं मळसूत्रासारखी. तो आपल्या तुकड्यात मान मागे टाकून चालतो, शेपटी वर, नाक आभाळाकडे. दुसरा नर हद्दीशी आला की दोघे समांतर चालत राहतात, बराच वेळ, शिंगाला शिंग न लावता. माळावर आडोसा नाही. जंगलात जनावर एक क्षण दिसतं आणि झाडीत जातं. इथे अर्धा तास बसलात तर एका जनावराचा अर्धा तास दिसतो. त्याचं बसणं, उठणं, खाजवणं, पिल्लाला ढुशी देणं. बघण्याची अशी संधी मला ताडोबात मिळाली नाही.

हे सगळं दाराशी असून आपल्याला ते दिसत का नाही, याला इतिहास आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र होतं जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर. त्यात वनजमीन थोडी आणि खासगी शेतं, गावं, रस्ते, तालुक्याची ठिकाणं जास्त. आपल्या रानाचा व्यवहार करायचा, काही बांधायचं, तर अभयारण्याची अडचण. एका पक्ष्यापायी माझं शेत अडकलं, असं म्हणणारी एक पिढी या जिल्ह्यात म्हातारी झाली. पुढे न्यायालयापर्यंत गेल्यावर क्षेत्र साधारण १,२०० चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. पण तोवर मनं दुखावून झाली होती. माळढोक हे नाव ऐकलं की आजही काही गावांत लोक तोंड फिरवतात, आणि त्यांना मी दोष देत नाही. ज्या पक्ष्याने त्यांना काही दिलं नाही, फक्त अडवलं, त्याच्यावर त्यांनी माया का करावी?

मी तो पक्षी पाहिला आहे. अकरावीत होते, वडील स्कूटरवरून घेऊन गेले होते. मीटरभर उंच, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, आणि चाल एखाद्या वयस्कर माणसाची, प्रत्येक पाऊल विचार करून टाकलेलं. वडील हळूच म्हणाले, "बघून घे." त्या तीन शब्दांतलं त्यांना काय ठाऊक होतं कोण जाणे. वर्षाला बहुधा एकच अंडं देणारा हा पक्षी २०११ मध्ये जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त ठरला. आज देशभरात दीडशेच्या आसपास उरला आहे, तोही मुख्यतः राजस्थानात. माझ्या विद्यार्थ्यांनी तो पुस्तकातच पाहिला आहे.

माळढोकाच्या जाण्याला शिकार, वीजवाहिन्या, बदललेली पिकं अशी अनेक कारणं आहेत. पण मला सगळ्यांत जास्त टोचतो तो एक शब्द, 'पडीक'. सरकारी कागदात माळ पडीक असतो. पडीक म्हटलं की काहीतरी करावंसं वाटतं: झाडं लावा, चर खणा, पॅनेल बसवा, प्लॉट पाडा. माळढोकाच्या माळावरच गिरिपुष्पाची लागवड झाली होती. उघड्या गवताच्या पक्ष्याला झाडांच्या रांगा दिल्या गेल्या. हे करणाऱ्यांची नियत चांगली होती. झाड लावणं पुण्य, एवढंच आपल्याला शिकवलेलं आहे, आणि गवत हेच ज्याचं रान आहे असंही जनावर असतं हे शिकवलेलं नाही. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पठारावर गवत हेच नैसर्गिक आहे. ते स्वतःच एक रान आहे, हरवलेलं जंगल नाही.

सफारीचा माझा आग्रह इथून येतो. ज्या जमिनीवर माणसं बघायला येतात तिला पडीक म्हणणं अवघड होतं. भावनगरजवळ वेळावदरचं राष्ट्रीय उद्यान आहे, अवघं ३४ चौरस किलोमीटरचं, सगळं गवत. काळवीट आणि भोवत्यांसाठी तिथे लोक हिवाळ्यात देशोदेशीहून येतात. तिथलं गवत कुणी पडीक म्हणत नाही. पुणे वनविभागाने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ माळाची सफारी सुरू केली आहे, आपल्या जिल्ह्याच्या वेशीवर. आणि उजनीच्या पाण्यावर भिगवणकडे काय झालं ते तर आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. मासे धरणारी माणसं हिवाळ्यात रोहित पक्षी दाखवायला होड्या सोडतात, त्यांच्या बायका पाहुण्यांना चिलापीचं कालवण आणि भाकरी वाढतात, आणि रोहित यंदा उशिरा आले तर त्या घरात काळजी होते. पक्षी यायला हवेत असं गावाला वाटतं, हे कुठल्याही कायद्याने घडवता आलं नसतं.

माझे एक स्नेही आहेत, चाळीस वर्षं माळ हिंडलेले. ते या सगळ्याच्या विरोधात आहेत. त्यांचं म्हणणं, "बाई, माळ वाचलाय तो कुणाला ठाऊक नाही म्हणून. एकदा तुम्ही गाड्या आणल्या की संपलं." त्यांच्या बोलण्यात जोर आहे. भिगवणलाच एकदा आमच्या होडीतल्या एका गृहस्थाने उडतानाचा फोटो हवा म्हणून नावाड्याला थेट थव्यात होडी घालायला लावली होती. पाचशे पक्षी खाणं सोडून उठले. मी ओरडले, पण तोवर फोटो निघाला होता. म्हणून त्यांचं म्हणणं मी बाजूला सारत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की माळ कुणाला ठाऊक नाही हे आता खरं राहिलेलं नाही. गाड्या येऊन पोचल्या आहेत, फक्त त्यांना कुणी वाट घालून दिलेली नाही.

गेल्या जानेवारीत मी हे पाहिलं. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर आणखी गाड्या जातील. अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा माळ, एका ओढ्याच्या काठाला मातीची घळ. मी लांब बांधावर एका मेंढपाळ आजोबांशी बोलत बसले होते. त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, तिथेच पडला होता, कोकरं जाळीत. साडेसातच्या सुमाराला तीन गाड्या आल्या, दोन मोठ्या आणि एक उघडी जीप. रस्ता सोडून गवतातून थेट घळीकडे. माणसं उतरली, नळकांड्यासारख्या लेन्सा काढल्या, आणि घळीसमोर अर्धगोल करून बसली. आजोबा म्हणाले, "तिथं लांडगीण व्यालीय. म्हैना बी झाला नसंल." मग म्हणाले, "कुणीतरी फोनवर जागा टाकली, तवापासनं येत्यात."

लांडगीण घळीत नव्हती. ती आमच्या डाव्या हाताला, दोनेकशे पावलांवर, बाभळीच्या झुडपामागे उभी होती. मला आधी दिसलीच नाही, आजोबांनी काठीने दाखवली. तोंडात काहीतरी होतं, ससा असावा. पुढे जायची, थांबायची, बसायची, पुन्हा उठायची. तिचं अंग दुधावर होतं, तेवढ्या अंतरावरूनही कळत होतं. दीड तास ती माणसं बसली आणि दीड तास ती तिथेच घुटमळली. त्या गारठ्यात पिल्लं आत एकटी. शेवटी तिने तोंडातलं खाली ठेवलं आणि उलट दिशेने निघून गेली. समोर बसलेल्या एकालाही ती दिसली नाही, सगळ्यांचे डोळे बिळाच्या तोंडावर होते. आठवड्याने मी परत गेले तेव्हा घळ रिकामी होती. पिल्लं हलवली की दगावली, सांगता येत नाही. आजोबा म्हणाले, "पोरं हाय तोवर ती जवळच्या वाड्याला त्रास देत न्हाई कधी. आता कुठं गेली, कुणाची मेंढरं धरंल, कुणाला ठावं."

ज्या माणसाची दरवर्षी दोन-चार कोकरं लांडगा नेतो, त्याला तिच्या बिऱ्हाडाची काळजी होती. लांडगा बघायला मुद्दाम आलेल्यांना नव्हती.

आपल्या भागात लांडग्यांची पिल्लं बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या आसपास जन्मतात. पहिले काही आठवडे ती बिळाबाहेर येत नाहीत, त्यांचा सगळा भार आईवर आणि तिला खाऊ आणून देणाऱ्या कळपावर. म्हणजे पर्यटकाला जे दिवस सगळ्यांत सोयीचे, तेच तिला सगळ्यांत नाजूक. लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच अनुसूचीत, पहिल्या अनुसूचीत आहे. त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत जनावर मारण्याबरोबर त्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं हेही येतं. पण लांडगे अभयारण्याच्या रेघेत राहत नाहीत. ते गायरानात, पडक्या बांधात, कालव्याच्या भरावात, कुणाच्या तरी खासगी माळावर राहतात. तिथे ना गेट, ना पहारा. म्हणूनच कुणी रोखलं नाही.

तेव्हा सफारी हवी ती यासाठी की गाडीला वाट ठरेल. ताडोबासारख्या ठिकाणी गाड्या आधी वाढल्या आणि नियम मागून आले. जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही महिने थांबवावं लागलं, आणि मार्गदर्शक सूचना आल्यावर ऑक्टोबरात ते पुन्हा सुरू झालं. आपल्या माळावर अजून उशीर झालेला नाही. जुन्या बैलगाडीच्या वाटा आहेत, त्यांवरूनच गाडी जावी. चाक गवतात उतरता कामा नये, कारण त्या गवतात जमिनीवर अंडी घालणारी माळटिटवी आहे, धाविक आहे, आणि एकदा चाकोरी पडली की दुसऱ्याच दिवशी दुसरी गाडी तिच्यातून जाते. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात वाट दर पंधरवड्याला बदलावी लागेल, कारण बीळ कुठे आहे हे दरवर्षी नव्याने शोधावं लागतं. ते मेंढपाळांना आधी कळतं. तो पट्टा त्या हंगामापुरता पूर्ण वगळायचा, लांबूनही दाखवायचा नाही, आणि "इथे लांडगा आहे" हे पर्यटकाला सांगायचंसुद्धा नाही. रात्रीची सफारी तर नकोच. मोबाइल गेटवर जमा करून घ्यावेत, निदान या तीन महिन्यांत. लोक कुरकुर करतील, करू देत.

आणि माहितगार गावचा असावा. सोलापुरातून रोज जाणारा माझ्यासारखा नको. आमच्या शाळेत माळाकडच्या गावातून येणारा एक मुलगा होता. मी वर्गात काळविटाचं चित्र लावलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, हे तर आमच्या ज्वारीत रोज येतंय की. बाप रात्रभर राखत बसतोय." त्याच्या बापाला काळवीट म्हणजे खाल्लेलं ताट. त्याला भरपाईचा अर्ज करायला तालुक्याला खेटे घालावे लागतात, धनगराला मेलेल्या मेंढीचा पंचनामा होईपर्यंत ती तशीच राखत बसावं लागतं. सफारीच्या तिकिटातला मोठा वाटा गावाच्या समितीकडे जाणार असेल, आणि त्यातून पंचनाम्याची वाट न बघता त्याच आठवड्यात मेंढीचे पैसे मिळणार असतील, तरच ही गोष्ट धरेल. नाहीतर १९७९ पुन्हा होईल: शहराला माळ, गावाला अडचण. ज्या धनगरांचे वाडे पिढ्यान्‌पिढ्या या माळावर पडतात त्यांचं चरणं सफारीसाठी बंद करण्याचा विचारही कुणी करू नये. मेंढरं माळावर फार आधीपासून आहेत, तिकीटघर अजून यायचं आहे.

हे सगळं मी एका बैठकीत बोलले तेव्हा समोरून एकांनी अगदी साधा प्रश्न केला. "लांडगा दाखवायचा नाही, माळढोक राहिला नाही, वाघ नाही. मग पाचशे-हजार रुपये देऊन माणूस बघणार काय?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर मी नववीच्या चौदा मुलांना घेऊन गेल्या फेब्रुवारीत पाहिलं.

संध्याकाळी पाचला आम्ही वाटेच्या कडेला, उंच गवतापासून बरेच दूर, सतरंजीवर बसलो. मुलांनी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी काढली होती, मी कुजबुजत बोलायला सांगितलं होतं. वारा पडला आणि गारठा जमिनीतून वर यायला लागला. मुली एका चादरीत शिरल्या. मग पश्चिमेकडून पहिला भोवत्या आला, गवतावर एक फेरी घालून खाली बसला. मागून दुसरा. मग तीन एकदम. हे पक्षी रात्री झाडावर जात नाहीत, उंच गवतात जमिनीवरच एकत्र निजतात. म्हणूनच कुणी ते गवत कापलं की जाळलं तर कझाकस्तानहून आलेल्या पाहुण्याला रात्रीची जागा उरत नाही, हे मला तेव्हा वेगळं सांगावं लागलं नाही. येणारे पक्षी आता चारी बाजूंनी येत होते, गवतावर घिरट्या घालत होते, बसत होते, बसलेला पुन्हा उठून दुसरीकडे बसत होता. ज्वारी राखणाऱ्या बापाचा तो मुलगा बोटांवर मोजत होता आणि शेजारचा म्हणत होता, "तो मगाचाच, परत धरू नको." दोघांचं भांडण लागलं. मग दोघांनी भाग वाटून घेतले, बांधाच्या अलीकडचे तुझे, पलीकडचे माझे. बांध दिसेनासा झाला तरी ते मोजत होते.